जिभेला काही लागलं नाही

"माझा उजवा डोळा काढा आन् याला बसवा," कुसाबाईनं खुर्चीत टेकता टेकताच डॉक्टरांना सांगून टाकलं. "म्या सकाळपासून पाणीबी घेतलं नाय."

तिच्या लेकानं, कारभारीनं, मान खाली घातली. सायखेड्याहून नाशिकला येईपर्यंत आई एसटीत गप्प का होती, ते त्याला आता उमगलं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात द्राक्षाच्या मांडवाची तार ताणताना तुटली आणि सपकन त्याच्या डोळ्यावर बसली. कुणाच्या डोळ्यात कुसळ किंवा माती गेली, की गावातली माणसं कुसाबाईकडंच येत. ती पापणी उलटून जिभेच्या शेंड्यानं अलगद टिपून काढी. लेकाचा डोळाही तिनं तसाच धुंडाळला. "काय नाय. साफ हाय," म्हणाली. वरून तो साफच होता. फाटला होता आतला पडदा. कडेनं काळी सावली चढत गेली, तरी कारभारी छाटणी उरकेपर्यंत थांबला. आईनं पाहिलं होतं, मग आणखी कुणाला काय दाखवायचं?

लगेच आला असतास तर पडदा चिकटला असता, असं डॉक्टर पहिल्याच भेटीत बोलले होते. आई तेव्हा बाहेर बाकावर होती. ते वाक्य कारभारीनं पोटात ठेवलं, आणि तेव्हापासून दोन वर्षं ती नेईल त्या दवाखान्याच्या पायऱ्या तो चढत आला. आता त्याला पायऱ्यांचा वीट आला होता.

"आजी, दुसऱ्याचं बुबुळ बसवता येतं, पडदा नाही," डॉक्टर म्हणाले. "पडद्यातून निघालेले बारीक धागे शिरेतून मेंदूत जातात. पडदा गेला, तसे ते धागे मागं मागं वाळत गेले. मेंदूत ते जिथं पोचतात, तिथल्या पेशीही आता झडतायत. तुमचा डोळा बसवला, तरी त्याचं ऐकणार कोण?"

शेंडा मेलेली द्राक्षवेलाची काडी खोडाकडं वाळत जाते, ती कारभारीच्या डोळ्यांपुढं आली. आपल्या डोक्यातही तसंच काही चाललंय, आणि कुठं दुखत मात्र नाही.

"माझ्या जिभेला कायच लागलं नव्हतं वो," कुसाबाई पुटपुटली. मग डॉक्टरांकडं नीट बघत तिनं विचारलं, "तवाच आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी कारभारीकडं पाहिलं.

"तरी कायबी झालं नसतं," तो घाईनं म्हणाला. "यांनी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. मीच तुला बोललो नाय."

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले.

"मंग दोन वर्सं मला कशाला हिंडू दिलं रं, मुडद्या?"

एरवी उठता-बसता शिव्या घालणाऱ्या आईनं तार लागल्यापासून त्याला एकही शिवी दिली नव्हती. कारभारीनं तिला दंडाला धरून उठवलं.