मुठीभोवतीचे वेढे

"आली! रेघेपर्यंत आली!"

कुणीतरी ओरडलं आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली बाकं रिकामी झाली. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी बसल्या जागी माना उंच केल्या. काठ्या, वॉकर, झोळीत अडकवलेले हात, सगळं कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळलं.

तिथे भिंतीत एक हूक होता. हुकाला हिरवा रबरी पट्टा अडकवलेला. व्यायामाचे पट्टे असतात तसाच, पिवळा सगळ्यांत हलका, मग लाल, मग हिरवा. भिंतीवर हुकापासून दोन हातांवर एक तांबडी रेघ मारलेली होती. एका आजींची मूठ बरोबर त्या रेघेवर आली होती आणि आजी स्वतःच्याच मुठीकडे ती परक्याची असल्यासारखं बघत होत्या.

"आधी पट्टा किती आला होता आजी?" टेबलामागचा माणूस म्हणाला.

"अर्ध्यावर अडकला होता रे बाबा."

"आणि ताटलीत ठेवल्यावर?"

"लोण्यासारखा आला!"

माणूस व्यायामाचं सामान विकायचा. पट्टे, चेंडू, काठीची रबरी टोपणं. दवाखान्याच्या मालकाने त्याला कोपरा दिला होता. पण नुसते पट्टे विकून कुणी गुरुजी होत नाही. तो पट्टा तांब्याच्या ताटलीत ठेवायचा, काठाला चमचा मारायचा, ताटली घुमायची आणि पट्टा 'भारला' जायचा. लोक त्याला तरंगगुरुजी म्हणत.

"शरीर म्हणजे काय? लहरी! रबर म्हणजे काय? तेही लहरीच! दोघांची गाठ घालून दिली की दुखणं बाहेर! फक्त भारलेला पट्टा मुठीला एकच वेढा घेऊन धरायचा. जास्त वेढ्यांत लहरी कोंडतात."

मास्तर बायकोचा वॉकर परत करायला आले होते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ती जाऊन दीड महिना झाला होता. वॉकर घराच्या दाराशीच उभा असायचा आणि येता-जाता पायात यायचा, म्हणून आणला. टाळ्या त्यांना ऐकू येत होत्या. त्यांचं काही वाटत नव्हतं. हल्ली त्यांना कशाचंच काही वाटत नसे. चहा गार झाला तरी ते तसाच पीत.

"भाऊजी, इकडे!" त्यांची मेहुणी रांगेत उभी होती. तिचा उजवा खांदा आखडला होता. "मी आजपासून आतले ते रडके व्यायाम बंद करणार. भारलेला पट्टा घेते."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"त्या काय! हात भिंतीवर चढवा म्हणतात. मी किंचाळले की एक मोजतात, असे वीस. म्हणे आत्ता सोडलं तर खांदा असाच राहील. मग ताईला कसा फरक पडला? अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा हात हलत नव्हता. पट्टा आणला आणि रेघेपर्यंत ओढायला लागली. तुम्हीच तर टाळ्या वाजवल्या होत्या."

वाजवल्या होत्या. घरच्या भिंतीवर तशीच रेघ होती, अजून आहे. बायको तिथपर्यंत हात न्यायची आणि हसायची. तिच्या आजारपणातलं तेवढं एकच हसणं त्यांच्याजवळ उरलं होतं.

मेहुणीचा नंबर आला. गुरुजींनी न भारलेला पट्टा तिच्या मुठीभोवती गुंडाळला. एक, दोन, तीन, चार वेढे. तिने ओढला. अर्ध्यावर चेहरा कसनुसा झाला. मग ताटली घुमली, सगळ्यांचे डोळे ताटलीवर गेले. मास्तर ताटलीकडे बघत नव्हते. त्यांना इतकी हौसच उरली नव्हती. ते तिच्या मुठीकडे बघत होते. एक वेढा.

पट्टा रेघेपर्यंत आला. टाळ्या झाल्या.

मास्तर पुढे झाले. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. ती घालायची सवय अजून गेली नव्हती.

"गुरुजी, जरा परत करा. मी मापतो."

"मास्तर, हे काय झब्ब्याचं कापड आहे?"

"इलॅस्टिक आहे. इलॅस्टिक मी आयुष्यभर शिवलंय."

खिशातून त्यांनी खडूची चपटी वडी काढली. हुकापासून ठरावीक अंतर मोजून न भारलेल्या पट्ट्यावर खूण केली, तेवढंच मोजून भारलेल्यावर केली.

"खडूने लहरी तुटतात!" गुरुजी पुढे झाले.

"मग खडूच विका ना, लहरी तोडायचा," एक आजोबा म्हणाले आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, दोन्ही वेळा खुणेवरच धर," मास्तर मेहुणीला म्हणाले.

तिने साधा ओढला. रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबला. भारलेला ओढला. चार बोटं अलीकडे. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढला. चार बोटं अलीकडे.

मग मास्तरांनी खोक्यातून कोरा हिरवा पट्टा काढला, हुकाला लावला आणि तिच्या मुठीला एकच वेढा दिला. ताटली नाही, चमचा नाही. हात रेघेपर्यंत गेला.

"चार वेढे घेतले की पट्टा आखूड होतो," मास्तर म्हणाले. "आखूड रबर ताणायला जोर लागतो. एक वेढा घेतला की लांब राहतो, तेवढ्याच रेघेपर्यंत सहज येतो. पोरींच्या फ्रॉकला इलॅस्टिक आखूड लावलं तर रुततं, लांब लावलं तर सैल. एवढंच आहे."

"मग ती ताटली कशाला?" आजींनी विचारलं.

"तुम्ही मुठीकडे बघू नये म्हणून."

गुरुजी पट्टे आवरायला लागले. आरडाओरडा सुरू झाला, आतून डॉक्टरबाई दारात आल्या. मेहुणी मात्र मास्तरांकडेच बघत होती.

"भाऊजी, मग ताई?"

इथे गप्प बसता आलं असतं. त्या हसण्याला हात न लावता घरी जाता आलं असतं.

"तुझ्या ताईचा हात सुधारला नव्हता," ते म्हणाले. "पट्टा लांब धरला होता. पण हात रेघेला लागतोय म्हणून तिने बाकीचे व्यायाम सोडले. बोटं मुडपलेलीच राहिली. मी तिच्या ब्लाउजची बटणं काढून वेल्क्रोची पट्टी लावली."

त्यांनी टेप गुंडाळायला घेतली.

"ती दुसऱ्या झटक्याने गेली. पट्ट्याने नाही, उगाच खोटं सांगत नाही. पण तिला स्वतःचं बटण लावायचं होतं. जमलं असतं की नाही, ते कळलंच नाही. दोन झटक्यांच्या मधे आठ महिने होते."

मग ते सगळ्यांकडे वळून, पण कुणाकडेच न बघता म्हणाले, "कुणी आधी आणि नंतर असं दाखवलं, तर मधे आणखी काय बदललं ते बघा. मापून बघू द्या म्हणा. देव, गुरू, डॉक्टर कुणीही असो. खऱ्याला टेपची भीती नसते. मी विचारलं नाही. टेप तेव्हाही माझ्या गळ्यातच होती."

डॉक्टरबाईंनी पडदा बाजूला धरला. मेहुणी आत गेली.

मास्तर वॉकरजवळच्या बाकावर बसले. आतून किंकाळी आली.

"एक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुन्हा किंकाळी. "दोन."

मास्तर वीसपर्यंत बसून राहिले.