सातव्या कलमातलं 'आम्ही'

घरात मला भोंगा म्हणतात. मी बोलायला लागले की शेजारच्यांना खिडकी लावून घ्यावी लागते. वर्गात मात्र परवा-परवापर्यंत मी भिजलेलं मांजर होते. ते बदललं आमच्या ऑनलाइन दुकानामुळे. माझी मैत्रीण मुंगी जुन्या शर्टांच्या खिशांवर पानं-पाखरं भरते, आणि मी फोटो काढते, खाली ओळी लिहिते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. चार महिन्यांत दुकान असं चाललं, की मी बाईंनाही सल्ले द्यायला लागले.

माझा मामा करारनामे टाइप करून देतो. तो म्हणाला, दोघींचा धंदा आहे तर लिहून ठेवा. अठराच्या आत आहात, कोर्टात नाही चालायचं, पण तुमच्या दोघींत तरी चालेल.

मग काय, एका दुपारी मी दहा कलमं ठोकून दिली. 'सदर' आणि 'उपरोक्त' मामाच्या कागदांतून उचलले. सुरुवातीलाच लिहिलं, 'यापुढे पहिल्या पक्षाचा उल्लेख आम्ही असा केला जाईल.' पहिला पक्ष अर्थातच मी. आणि सातवं कलम: 'दुकान बंद झाल्यास नाव, ऑनलाइन पान आणि सर्व नक्ष्या आमच्याकडे राहतील.' लिहिताना काय भारदस्त वाटलं होतं.

कागद घेऊन मुंगीच्या घरी गेले, तेव्हा तिच्या मांडीवर शर्ट होता. तूच वाचून दाखव, म्हणाली. मी वाचायला लागले आणि ती सुरुवातीची ओळ चक्क गिळली. सातव्यापाशी आले, तर तोंडातून निघालं, 'आपल्याकडे राहतील.' कागदावर आमच्याकडे, तोंडात आपल्याकडे. तिनं दोरा दातानं तोडला, सही केली आणि सहीशेजारी एक इवलीशी मुंगी काढली.

कागद दोन दिवस माझ्या दप्तरात होता. मामानं दोनदा विचारलं, टाइप करायला आणतेस ना? गणिताच्या तासाला उत्तर येत असून माझा हात वर गेला नाही. पुस्तक काढायला गेलं की आधी ती मुंगीच दिसायची.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले आणि कागद तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, मी चुकीचं वाचलं. मग म्हटलं, नाही, वाचलं बरोबर, लिहिलं चुकीचं. मुद्दाम.

तिनं सातव्या कलमावर बोट ठेवलं.

"इथं अडखळली होतीस," ती म्हणाली. "भोंगा कधी अडखळतो का?"

"मग सही कशाला केलीस?"

"वाटलं, दारापर्यंत जाशील आणि परत येऊन सांगशील." तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "दोन दिवस लावलेस गं."



तिनं कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः नवा करार लिहायला घेतला, टाका घालावा तसं एकेक अक्षर. मी वाचून दाखवू का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी तिचं लिहून होण्याची वाट बघत राहिले.