गणपतरावांचं बेणं

गणपतराव लावणीसाठी उसाचं बेणं कुणाला विकत नसत, देत असत. विकणाऱ्याचा व्यवहार तिथल्या तिथं मिटतो, देणाऱ्याचा कधीच मिटत नाही, हे त्यांच्याइतकं आमच्या भोगावतीकाठच्या गावात कुणाला कळलेलं नव्हतं. बेणं नेलेला माणूस त्यांची गाडी दिसली की आपली बाजूला घेई, आणि पोरीच्या साखरपुड्याची तारीख आधी त्यांना विचारून मग भटजीला विचारी. गणपतराव त्याच्या बांधावरून जाताना उसाकडं बघत आणि एवढंच म्हणत, "आमचाच हाय की त्यो."

त्यांच्या उसाची खूण म्हणजे मुंग्या. बुडापासून शेंड्याच्या वाढ्यापर्यंत काळी ओळ सारखी चढत-उतरत असायची. "गोडी असल्याबिगर मुंगी चढती व्हय, पावणं?" असं ते विचारत आणि पावणं मान डोलवत. दर शनिवारी गणपतराव बांधावर साखरपीठ टाकत. पुण्य आणि जाहिरात एकाच मुठीतनं पडायची.

या घराचा एक रिवाजही होता. लेकीला बेणं द्यायचं ते पाचटासकट, उसावरच्या वाळल्या पानांसकट. सोललेला, उघडा ऊस सासरी पाठवायचा नाही, आणि तिनंही तो न सोलता, पाचटासकटच सरीत लावायचा. पुढं पुढं गावानंही तेच धरलं. सोलायचे कष्ट वाचत असतील तर मोठ्या घरचा रिवाज पाळायला कुणाला जड जातंय?

यंदा जानेवारीत त्यांची पुतणी वर्षाराणी शाहूवाडीहून टेम्पो घेऊन आली. आई-बाप लहानपणीच गेल्यामुळं तिचं माहेर म्हणजे हे चुलतं-चुलतीच. सासऱ्यांनी तिला झऱ्याखालचं खाचर एका वर्षासाठी दिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या भाताचं रान, तिथं ही ऊस करते म्हणाली. ऊस आला तर खाचर तिचं. फसला तर धाकटा दीर ऋतुराज तिथं काजूरोपांची शेड घालणार, हे सगळ्या घरासमोर ठरलं होतं.

टेम्पोत मोळ्या भरत आल्या होत्या. बेण्यासाठी आणखी पाच-सहाजण थांबले होते, त्यातल्या अमरसिंहाच्या हातात तर नारळ होता. टेम्पोवाल्या तौसीफनं खायला म्हणून एक ऊस ओढला, दातानं पाचट काढलं आणि थुंकला.

"चाचा, ह्येला पीठ लागलंय की!"

"मेण हाय ते लेका. ऊस बघिटलास का कधी, का नुसतं टेम्पोच चालीवतोस?"

सगळे हसले. उसाच्या पेराला पांढरं मेण असतंच, त्यात खोटं काही नव्हतं. वर्षाराणीनं त्या पिठावर अंगठा घासला. मेण असतं तर पांढरं निघालं असतं. अंगठा ओला गुलाबी झाला. तिनं दुसऱ्या उसाचं पाचट फाडलं, मग तिसऱ्याचं. प्रत्येक पेराला पिठाचा गोल कडा, त्यात ज्वारीच्या कण्यांएवढी गुलाबी अंगं, हळूहळू हलणारी. जिथनं कोंब फुटायचा तो डोळा खाली बसून काळा पडलेला.

"तात्या, पिठ्या ढेकूण हाय ह्यो. आमची जास्वंद ह्येनंच वाळली. मुंग्या ह्येच्या अंगातनं गळणाऱ्या चिकट्यासाठी चढत्यात, उसाच्या गोडीसाठी न्हाय."

नारळ धरलेल्या अमरसिंहानं इथनं कुठल्या बाजूचं बोलावं लागेल याचा अंदाज घ्यायला सुरुवात केली होती.

"धा पेरं बघून मला शिकीवतीस व्हय?" गणपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांचा चढलेला आवाज परवडतो.

"सोलून द्या, औषधाच्या पाण्यात बुडवून नेतो. नायतर नगं मला."

"सोलून? लेकीला?"

चुलती बनाबाई मधे आली. "वर्षे, गप घिऊन जा बाई. तिकडं गेल्यावर काय करायचं ते कर की."

"काकू, तिकडं गेलं की संपलं. आमच्या डोंगरात ही कीड अजून न्हाय."

"तौसीफ," गणपतराव म्हणाले, "मोळ्या उतरीव." मग तिच्याकडं न बघता, "तिला माहेर नगं झालंय."

मोळ्या उतरल्या. अमरसिंह म्हणाला, "तात्या, तिच्या वाटणीचं मी नेऊ का?" आणि नारळ पुढं केला.

वर्षाराणी रिकाम्या टेम्पोतनं नदीकाठची गावं फिरली. पहिल्या गावात एकानं मोठ्या मनानं ऊस दाखवला. तिनं पाचट फाडलं, पीठ. "बेणं कुणाचं ह्ये?" "गणपतरावांचं की!" दुसऱ्या गावात फुललेलं हिरवं रान बघून तिला धीर आला. बुडाशी वाकली तर काळी ओळ. मालक कौतुकानं म्हणाला, "भारीतलं हाय. गणपतरावांनी सोता दिलंय." त्यानंतर ती विचारायचीच बंद झाली. आम्हीही कधी असा हिशेब मांडला नव्हता. त्यांचा मान जिथवर पोचला होता तिथवर ती पांढरी भुकटीही पोचली होती, एक बांध कमी नाही की जास्त नाही.

"ताई, घरी सोडू का?" तौसीफनं विचारलं.

"सोड. औंदाचं साल गेलं माझं."

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ती घाट चढून घरी पोचली तेव्हा सासरे, पिराजी, झऱ्याखालच्या खाचरात पाटाचं पाणी फिरवत होते. अलीकडच्या सऱ्या भरल्या होत्या आणि पाण्यातनं पाचटाची टोकं वर आली होती.

"ये ये! तुझा चुलता माणूस मोठा. रागावलीयास म्हणं, तरी रातोरात दुसरी गाडी भरून बेणं धाडलं. म्हणला, पोरीचं रान रिकामं ऱ्हायला नगं. एक कांडी सोलली न्हाय बघ, तुमच्या रिवाजापरमानं."

वर्षाराणी चपलेसकट सरीत उतरली. पहिली कांडी उपसली, पाचट ओढलं. पीठ भिजून चिकटून बसलं होतं. खाली गुलाबी कण जिवंत होते. अंगठा पुन्हा गुलाबी झाला.

"आबा, पाणी बंद करा. सगळं उपसून जाळायचं हाय."

"लावलेलं उपसायचं? माहेरचं?"

"व्हय. आत्ताच्या आत्ता."

बांधावरच्या ऋतुराजनं वाट बघितल्यासारखं विचारलं, "वहिनी, मग मी शेडवाल्याला सांगू का?"

"सांगा. पण आधी खाली या. दोघं लागलो तर लवकर उरकंल."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं, पण तिच्या अंगठ्याकडं बघून तो खाली उतरला. दोघं उपसत निघाली. खाचराच्या मध्यावर आल्यावर वर्षाराणी थांबली. पुढं सऱ्या रिकाम्याच होत्या.

"आबा, गाडीभर मोळ्या आल्या म्हणालात. हितं तर निम्म्याच दिसत्यात."

पिराजींचा चेहरा उजळला. "अगं, उरलं ते ठिवून काय करायचं? खालच्या वाडीतली चौघं हात जोडून आली. मन मोठं ठिवलं बघ, देऊन टाकलं. सकाळपासनंच आपल्याला बघितलं की उठून उभी ऱ्हात्यात."