तेलाचा हात

मी गाडी पुसायचं फडकं बोलतेय. फडकं म्हणजे ना बाई ना बुवा, पण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खिळ्यावर लोंबकळून मी या घरातलं इतकं काही ऐकलंय, की तुम्ही मला बाईमाणूसच समजा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही हो मी. कानावर येऊन पडतं, त्याला काय करणार?

जन्मले ती मात्र शर्टाचं कापड म्हणून. निळ्या बारीक चौकड्यांचं, मऊ सुती. एका गिऱ्हाइकाने मला शिंप्याकडे टाकलं, मापं दिली, आणि तो गेला तो गेलाच. तोवर कात्री फिरली होती. कापलेलं कापड परत घेतो कोण? माझ्या बाह्यांच्या पिशव्या झाल्या, कॉलरचं काय झालं देव जाणे. मी शर्टाची पाठ. मला कुणाची पाठ काही मिळाली नाही. शिंप्याने मला शिलाई मशीन पुसायला घेतलं.

मशीनला तेल घालायचं आणि जास्तीचं माझ्याने टिपायचं, हा त्याचा रोजचा नेम. ते तेल माझ्या धाग्याधाग्यात मुरलं. धुऊनही जाईना, इतकं. पुढे त्याची नजर अधू झाली. आधी सुईत दोरा जाईना, मग काजं तिरकी पडू लागली, आणि एका गिऱ्हाइकाला उलटा खिसा लावून दिला तेव्हा त्याने आपण होऊन दुकानाला कुलूप लावलं. घरी आणल्या तीनच गोष्टी. कात्री, तेलाची कुपी आणि मी.

घरी गाडी होती, त्यानेच घेतलेली. गडद लाल. आता ती चालवणं त्याच्याच्याने होईना, म्हणून पुसायचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे ठेवलं. रोज सकाळी माझ्यावर तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि टपापासून दारापर्यंत हात फिरवायचा. तळव्याला पत्रा गुळगुळीत लागला की स्वारी खूश.

आणि इथेच खरी मेख होती. गाडीचा रंग कधीच गेला होता. टप पांढुरका पडला होता, बॉनेटवरचे पापुद्रे उन्हाने सोललेल्या कातडीसारखे सुटत होते. म्हाताऱ्याला ते दिसत नव्हतं. बोटाला कुठे खरखर लागली तर तो मला त्यावर जरा जास्त फिरवायचा. मग सुनेला विचारायचा, "कशी दिसते गं?"

"चमकते की बाबा. अगदी आरशासारखी."

सून वाईट नव्हती. उलट मायेची होती, म्हणूनच तसं बोलायची. मुलगाही तिच्या बोलण्यात बोलणं मिसळायचा. दुकान गेलं, नजर गेली, निदान एवढं तरी त्यांचं राहू दे, असं नवरा-बायको खिडकीमागे कुजबुजायची. मी बाहेर लोंबकळत ऐकायची.

मग सुनेला काम मिळायची वेळ आली. हीच गाडी चालवून जवळच्या दवाखान्यात पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हिमतीवर काही मिळत होतं. पण दवाखान्याच्या मॅनेजरने गाडी पाहिली आणि बॉनेटवरचा पापुद्रा नखाने उचलून तिच्या हातावर ठेवला. "ताई, हे पेशंटच्या कपड्यांना लागणार. रंग करून सोमवारी आणा. नाहीतर दुसऱ्या गाडीवाल्याला मी हो म्हणतो."

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ती आली तशी घरी परतली. म्हणाली, "घरीच करू. पॉलिश पेपर, प्रायमर, एक डबा ऑइल पेंट आणि रोलर. हाताला काय धाड भरलीय आपल्या?"

नवरा म्हणाला, "रोलरने भिंत रंगवतात गं, गाडी नाही."

"मग भिंत समजून रंगवू. तुम्ही फक्त काचांना कागद चिकटवा."

म्हाताऱ्याला काय सांगायचं, यावर खिडकीमागे बरीच खलबतं झाली. शेवटी सांगितलं, की दवाखान्याचा नियमच आहे, गाडी पांढरीच हवी. म्हातारा हिरमुसला. "एवढा चांगला रंग घालवताय!" एवढंच म्हणाला आणि खुर्ची टाकून पोर्चात बसला. सून पत्रा घासत होती. तिची बोटं सोलवटली, केस धुळीने पिठाळले. खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, वाळल्यावर परत घासला, प्रायमर मारला. म्हातारा मध्येच विचारायचा, "अगं, इतकं घासण्यासारखं आहे तरी काय?"

"थोडे ओरखडे आहेत बाबा."

शुक्रवारी सकाळी प्रायमर वाळून तयार होता. सुनेने रंग ढवळला, आणि सासऱ्याला उगाच बाजूला बसवल्यासारखं नको म्हणून मायेने म्हणाली, "बाबा, धूळ बसलीय. तेवढी पुसून घ्याल?"

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, की काय सांगू. "तेवढीच कशाला? सगळी पुसतो." त्याने मला खिळ्यावरून काढलं. तेलाने धूळ चांगली धरते, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. शिवाय आज कार्य मोठं. दोनच्या जागी चांगले पाच-सहा थेंब घातले माझ्यावर!

माझं धाबं दणाणलं. रंगाचं आणि तेलाचं किती जमतं, ते मला नाही कळणार तर कुणाला? दुकानात एकदा मशीनच्या पाटीवर नाव लिहायला आणलेला रंग मी टेकलेल्या जागी धरलाच नव्हता. मी त्याच्या बोटांत आक्रसले, दाराच्या कडेला अडकून बघितलं. पण फडक्याचं ऐकतो कोण? टप, दारं, बॉनेट, मागची डिकी. एक बोटभर जागा म्हणून सोडली नाही त्याने. सून आत डब्यात टर्पेंटाइन मिसळत होती. तिला काही दिसलं नाही.

तिने बॉनेटपासून सुरुवात केली. रोलर फिरला तेव्हा पांढरा रंग छान पसरला. तिने श्वास सोडला, मी मात्र धरून ठेवला. आणि मग रंग मागे सरकू लागला. कुणी फुंकर घालावी तसा ठिकठिकाणी बाजूला होऊन, मध्ये गोल गोल खड्डे. तिने परत रोलर फिरवला. परत खड्डे.

"अहो, इकडे या. हे काय होतंय बघा."

"म्हटलं नव्हतं मी?"

"तोंड नंतर चालवा. आधी चिंधी द्या, पुसून काढू."

पुसून काढलेला रंग काही डब्यात परत जात नाही. उरला होता तो एकदा गाडीवर फिरेल, जेमतेम तेवढा. ती तशीच रंगाच्या हातांनी दुकानात गेली, भांडायलाच. संध्याकाळी चहाच्या वेळी परतली ती तणतणत.

"भेसळीचा रंग दिला न् वर मलाच शहाणपण शिकवतो! म्हणतो, पत्र्याला तेल लागलं असेल. मी म्हटलं, डोकं फिरलंय का? गाडीला कोण तेल लावतं? उद्या दुसऱ्या दुकानातून नवा डबा आणते, मग भाजी-किराणा काय व्हायचं ते होवो."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. बशीवर नीट बसला नाही, कलंडला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. गरम होता."

उठून तो पोर्चात आला, चाचपडत मला खिळ्यावरून काढलं, नाकाशी धरलं. मग सदऱ्याच्या खिशात कोंबलं. मी त्याच्या छातीशी होते हो. आतली धडधड मला सगळी कळत होती. सांगितलं तर हे शेवटचं कामही हातचं जाणार. नाही सांगितलं तर सून नवा डबा आणणार, तोही त्याच तेलावर मारणार, आणि सोमवारी दवाखान्यात दुसऱ्याची गाडी उभी राहणार. जेवताना त्याने दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "झोपतो मी."

पहाट फुटता फुटता तो उठला. बादलीत पाणी घेतलं, भांड्यांचा साबण घेतला आणि गुपचूप गाडी धुवायला लागला. कुणाला न कळता तेल काढून टाकू, म्हणजे सांगायलाच नको, असा त्याचा बेत. पण न दिसणाऱ्या माणसाने न दिसणारं तेल काढायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. एका जागी चार चार वेळा हात, बाजूची जागा कोरडी ठणठणीत. त्यात पाय लागून बादली कलंडली.

सून धावत आली. "बाबा! हे काय करताय? अहो, पाणी कशाला ओतताय प्रायमरवर? आधीच माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही..."

तिचा आवाज इतका चढला होता, की मुलगाही बाहेर आला. तिघं उभी. पायाखाली साबणाचं पाणी. म्हाताऱ्याने खिशातून मला काढलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने मला चुरगाळलं. बोटं एकमेकांवर घासली. मग माझा वास घेतला.

"कधीपासून?" तिने हळू विचारलं.

"रोज. दुकान बंद झाल्यापासून." म्हातारा गाडीकडे तोंड करून बोलत होता. "हाताला खरखरीत लागायचं. म्हटलं, तेलाचा हात फिरवला की बरी राहील. आणि तूच सांगायचीस ना, चमकते म्हणून? मला वाटायचं, माझ्या तेलानेच चमकते."

माझी खात्री होती, आता भडका उडणार. सून बादलीजवळच्या पायरीवर बसली. कपाळाला हात लावला, तर कपाळावर माझ्या तेलाचा ठसा उमटला.

"बाबा, ती चमकत नव्हती," ती म्हणाली. "टपाचा रंग गेला होता. बॉनेट सोललं होतं. मॅनेजरने पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवला. पांढऱ्या रंगाचा नियमबियम काही नाही."

"कुणालाच चमकत नव्हती?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "नाही बाबा."

म्हाताऱ्याने बॉनेटवर तळवा टेकला आणि काढून घेतला. मग एकदम उखडला. "अरे, पण मग बोलायचं की रे! माझे डोळे गेलेत, कान नाही गेलेत! लोक रस्त्यावर गाडीला हसत असतील, आणि मी इथे फुशारकी मारत बसलोय!"

"आणि तुम्ही काल चहा पिताना का नाही बोललात?" सूनही कमी नव्हती. "मी नवा डबा आणून त्याच तेलावर ओतला असता!"

म्हाताऱ्याने चाचपडत कलंडलेली बादली उभी केली. मुलगा मध्ये पडला. "दोघांचं झालं असेल तर पाणी गरम करू का? आज शनिवार आहे."

मग कामाला जुंपली तिघं. आधी टर्पेंटाइनच्या चिंध्या, मग गरम पाणी आणि साबण, मग परत पेपर. मला खुर्चीच्या पायाशी टाकलं होतं. सून पत्र्यावर पाणी शिंपडून बघायची. जिथे अळवाच्या पानावर असावं तसं पाणी गोळा व्हायचं, तिथे ओरडायची, "बाबा, इथे तेल आहे!" आणि म्हातारा साबण घेऊन तिथे. "आता?" "अजून आहे." "आता?" "अजून." एकदा तो वैतागून म्हणाला, "आता तरी गेलं म्हण ना!" ती म्हणाली, "गेलं की म्हणेन." दुपार कलली तेव्हा पाणी टपावर सरळ पसरलं आणि घसरून गेलं.

रविवारी उरलेल्या डब्यातला रंग तिने थेंब थेंब जपत मारला. बॉनेटवर रोलर फिरला. रंग टेकला. थांबला. मागे सरकला नाही. डब्याचा तळ खरवडून मागच्या डिकीची शेवटची कड झाकली, आणि झाकली ती अगदी काठोकाठ.

सोमवारी मॅनेजरने गाडीभोवती फेरी मारली. डाव्या दारावर एक ओघळ वाळला होता, टपावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक फोड होते. तो म्हणाला, "घरी मारलाय वाटतं?"

"हो," सून म्हणाली. "जवळून बघाल तर कळतं."

त्याने दारावर नख ओढून पाहिलं. काही सुटलं नाही. "उद्यापासून या," म्हणाला.

हे तिने घरी येऊन सांगितलं, ओघळ आणि फोडांसकट. मी खिळ्यावरून ऐकलं. ते माझं खिळ्यावरचं शेवटचं ऐकणं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने कात्री घेतली, माझी फाटकी कड कापून मला चौकोनी केलं आणि बॉनेट उघडून आत एका कोपऱ्यात ठेवलं. पुसायला नवं कोरडं फडकं आलंय. मुकी आहे बिचारी, अजून चार गोष्टी ऐकायच्यात तिला.

आता रोज सकाळी म्हातारा इंजिन-ऑइल मोजायची पट्टी उपसतो, माझ्याने पुसतो, परत घालून काढतो आणि सुनेसमोर धरतो. तेलकट फडक्याची जागा हीच. ती सांगते, "खालच्या खुणेच्या जरा वर."

"जरा म्हणजे किती? नीट बघून सांग."

ती खाली वाकून नीट बघून सांगते. मग बॉनेट बंद होतं आणि आम्ही पेशंटना आणायला निघतो.

माझं बरं चाललंय. ऊब आहे, मनासारखं तेल आहे. तुमच्याही घरी कुणाची नजर अधू झाली असेल, तर कळ सोसून त्याला खरं ते सांगत जा, एवढंच या फडक्याचं मागणं. आणि हो, इथे इंजिनाच्या घरघरीत मला घरातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. परवापासून नवरा-बायको खिडकीमागे परत काहीतरी कुजबुजतायत म्हणे. कधी त्या बाजूने गेलात, तर जरा कान देऊन या हो.