मला जादाचा म्हणू नका

मी एक जुना रेग्युलेटर आहे. मात्र मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द मी स्वतः वापरला तरच मला चालतो. दुसऱ्या कुणी वापरला की माझं डोकं फिरतं. पंख्याचा वेग कमीजास्त करणारा तो माझा लांबचा नातलग, त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. मी पाणबुड्यांचा. पाण्याखाली जाणारी माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर बांधतात. त्यांत हवा इतकी दाबून भरलेली असते, की ती थेट तोंडात घेण्याची सोय नाही. म्हणून सिलिंडरच्या तोंडावर एक पितळी ठोकळा बसवतात. तो हवेचा जोर उतरवतो. तिथून ती नळीने माझ्याकडे येते आणि माणसाने श्वास ओढला की मी त्याला हवी तेवढी देतो. माझा आकार मुठीएवढा. पाण्याखाली माणूस आणि मरण यांच्यामध्ये तेवढीच मूठ असते. ही बढाई नाही म्हणावं, तर ती आहेच. इतकी वर्षं मला कुणी मारू दिली नाही, आज मारून घेतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. शेजारीच माझा सख्खा भाऊ जोडला जात होता. दोघांचं अंग एकाच साच्यातलं, आत तीच स्प्रिंग, तोच रबरी पडदा. टेबलाच्या टोकाला एक चष्मेवाली बाई बसायची. तिने भावाचा स्क्रू हलक्या हाताने फिरवला आणि माझा मात्र करकचून आवळला. त्याच्यावर काळं चकचकीत झाकण बसलं, माझ्यावर पिवळं.

“हा जादाचा,” ती शेजारणीला म्हणाली. “लोंबकळत राहणार. सैल ठेवला तर उगाच हवा सोडत बसेल.”

झालं! एका वाक्यात मी सख्ख्याचा सावत्र झालो.

जादाचा म्हणजे काय, तेही सांगतो. प्रत्येक पाणबुड्या असे दोन रेग्युलेटर नेतो. एक त्याच्या तोंडात असतो. दुसरा लोंबत असतो, सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायला. म्हणजे ज्याच्या खरोखर जिवावर बेतलंय, त्याच्या तोंडात मी जायचं. मला तर हा केवढा मोठा मान वाटायचा! माणसांना तसं वाटत नाही. त्यांच्या हिशेबी मी म्हणजे कोपऱ्यात उभी केलेली फाटकी छत्री.

आम्हा दोघा भावांना एका दाताच्या डॉक्टरणीने विकत घेतलं. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. धाकटी शहरात बस चालवायची. सुट्टीच्या दिवशी दोघी समुद्रात उतरायच्या. ताईच्या तोंडात भाऊ असायचा. मी मागे वाळूत घासत, शिंपल्यांवर आपटत फरपटायचो. वर आल्यावर भावाला गोड पाण्याची अंघोळ आणि मऊ फडकं. मी पिशवीच्या तळाशी, ओल्या मोज्यांच्या शेजारी. ती पिशवी दवाखान्याच्या मागच्या खोलीत असायची आणि तिच्या फाटक्या चेनमधून मला सगळं दिसायचं. दात बघायचा चिमुकला आरसा ताईच्या हातून नुसता खाली पडला, तरी तो पुन्हा उकळायला जायचा. दुसऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूची एवढी काळजी करणारी ही बाई! मी मग कुणाच्या तोंडात जाणार होतो? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच.

या बहिणींचे वडील एका जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते. ते निवृत्त झाले आणि लगेच ते जहाज बुडालं. माणसं सगळी वाचली. “मी उतरलो आणि ते बसलं,” असं ते येईल त्या पाहुण्याला ऐटीत सांगायचे. ते जहाज बघायचं असं दोघी बहिणींनी ठरवलं. पण ते फार खोल होतं. साध्या पाणबुड्यांनी जायची ती जागा नव्हती. त्यासाठी पाठीवर जोडसिलिंडर घेऊन उतरायचं वेगळं शिक्षण लागतं. ते देणाऱ्या एक बाई होत्या. आवाज बारीक, पण त्यांच्यासमोर कुणी खुर्चीत पाय हलवत बसत नसे.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “खोलात सोबत्याची हवा गेली, तर लोंबता रेग्युलेटर शोधत बसायचं नाही. आपल्या तोंडातला काढून त्याला द्यायचा. त्याला लांब नळी असते आणि तो चालतोय हे आपल्याला ठाऊक असतं. आपला दुसरा हनुवटीखाली रबराच्या दोरीत अडकवलेला असतो, तो आपण घ्यायचा.”

ताईने मनातल्या मनात वाटणी करून टाकली. तोंडातला धाकटीला जाणार, तर तो उत्तमातला उत्तम घ्यायचा. हनुवटीखालचा आपल्यासाठी, तर तो कसाही चालेल. थोरल्या बहिणींना हे जन्मतःच येतं. पोळी करपली की ती आपल्या ताटात.

मग सगळे दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक टायटॅनियमचा रेग्युलेटर काढला. “मॅडम, पिसासारखा हलका आहे. बटणं बघा, फिरते सांधे बघा. पाण्याखाली बसून श्वास मर्जीप्रमाणे जुळवा.”

“याची दुरुस्ती इथे कोण करतं?” बाईंनी विचारलं.

“याला दुरुस्ती लागत नाही हो.”

“आणि लागली तर?”

“तर कंपनीकडे पाठवायचा. येतो परत. सावकाश येतो.”

बाई बहिणींकडे वळल्या. “दोन घ्याल ते सारखे घ्या. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागतो. ठोकळा सिलिंडरवर नुसत्या पकडीने बसणारा नको, आट्यांनी आवळता येणारा हवा. वर कुठे आपटला तरी निसटत नाही. फिरते सांधे कमीत कमी. जितके सांधे तितक्या गळायच्या जागा. आणि ज्याला आपल्या गावात कुणी उघडू शकत नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.”

धाकटीने ऐकलं. ताईने जुना काळा, म्हणजे माझा भाऊ, तिला देऊन टाकला होता. धाकटीने त्याच्याच जोडीचा एक साधा घेतला. ताईने मात्र टायटॅनियमवाला उचलला. “दुसरा घरचा आहेच,” ती म्हणाली.

“तो नीट चालतो का?” बाईंनी विचारलं.

“चालतो की.”

मित्रांनो, माझ्यातून तिने कधी एक श्वाससुद्धा घेतलेला नव्हता! बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. “तलावात बघू,” त्या म्हणाल्या.

पोहण्याच्या तलावात, डोक्यावर जेमतेम पाणी असलेल्या कोपऱ्यात सराव सुरू झाला. धाकटीने गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली, अशी ती खूण. ताईने तत्परतेने टायटॅनियमवाला तिच्या हाती दिला आणि मला तोंडात घेतलं.

माझा क्षण आला होता. मी जीव तोडून प्रयत्न केला, शपथेवर सांगतो. पण माझ्या पोटात वाळू होती, मीठ होतं, पडद्याला चीर गेली होती आणि त्या चष्मेवालीने आवळलेला स्क्रू तसाच होता. हवा आली चिमूटभर, पाणी आलं घोटभर. ताईचे डोळे विस्फारले. तिने मला थुंकून टाकलं आणि बहिणीच्या तोंडातला रेग्युलेटर हिसकावून घेतला.

धाकटी शांत राहिली. तिने हनुवटीखालचा आपला स्वतःचा तोंडात घेतला आणि ती वर आली. मागून बाई ताईला घेऊन आल्या.

“माझ्या तोंडातून ओढून घेतलंस, ताई.”

“अगं, नाकातोंडात पाणी गेलं माझ्या! मुद्दाम केलं का मी?”

“मुद्दाम केलं असतंस तर बरं होतं. भांडता तरी आलं असतं.”

“चांगला तुला दिला होता मी! वाईट स्वतःला ठेवला होता.”

“तेच तर चुकलं. श्वास कोंडला की कुणी कुणाची ताई राहत नाही. मी तुझ्याबरोबर खाली येणार नाही.”

“आणि बाबांचं जहाज?”

“ते कुठे पळून जात नाही.”

ताईचा चेहरा उतरला. आयुष्यभर बहिणीसाठी केलं, ती आज पाठ फिरवत होती. राग कुणावर तरी निघायलाच हवा. तिने मला फरशीवर आपटलं. “भंगार आहे मेलं! फेकूनच देते.”

भंगार? मी? ज्याला एकदा धुतलं नाही, उघडलं नाही, ज्याची कधी चौकशी केली नाही, त्याने ऐन वेळी चाकरासारखं हजर व्हावं, आणि नाही झाला तर भंगार? मला बोलता आलं असतं तर त्या तलावाचं पाणी उकळलं असतं!

माझ्या वतीने धाकटी बोलली. मला उचलून ती म्हणाली, “याला का शिव्या? बसची स्टेपनी पंक्चर निघाली, तर आम्ही स्टेपनीला बोलत नाही. तिची हवा कुणी बघितली नव्हती, ते विचारतो.”

घरी जाताना ताईने मला पिशवीत न टाकता हातात धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. माझा भाऊही तिथे वर्षाच्या तपासणीला आलेला होता. दोघांनाही उघडून शेजारी शेजारी ठेवलं. ताई वाकून बघत राहिली. माझ्यातून वाळू निघाली, शिंपल्याचा तुकडा निघाला. धुऊन पुसून झाल्यावर ती म्हणाली, “यांच्यात फरक काय?”

“झाकणाचा,” दुरुस्तीवाला म्हणाला. तो स्टुलाखाली पडलेला पेचकस शोधत होता. “आणि याचा स्क्रू आवळलाय.”

“मग सैल करा की.”

“जादाचा आवळूनच ठेवतात सगळे.”

“सगळ्यांचं नाही विचारलं मी. दोघांचा सारखा करा.”

अहाहा! या एका वाक्यासाठी मी जन्मभर थांबलो होतो. मला नवा पडदा मिळाला, नवी रबरं मिळाली. ताईने टायटॅनियमवाला परत केला. दुकानदाराने नाक मुरडलं, पण घेतला. त्याऐवजी तिने माझ्याच घराण्यातला एक साधा घेतला आणि दोन्ही ठोकळे आट्यांचे करून घेतले. लांब नळीवर तिने नव्याला लावलं नाही. मला लावलं. “आधी मीच श्वास घेऊन बघते,” ती म्हणाली. मग रोज दवाखाना बंद केल्यावर ती तलावात यायची आणि माझ्यातून श्वास घेत काठाकाठाने फिरायची. अधूनमधून मला काढून हनुवटीखालचा नवा तोंडात घ्यायची, पुन्हा मला घ्यायची. एका माणसाचा संथ श्वास आपल्यातून जाताना काय सुख होतं, ते मला तेव्हा कळलं. मी सुखावलो. त्यात लाज कसली?

अखेर एक दिवस धाकटी आली, हाताची घडी घालून. “एकदाच बघते,” म्हणाली.

दोघी तळाशी गेल्या. धाकटीने गळ्यावरून हात फिरवला. ताईने मला तोंडातून काढून तिला दिलं आणि स्वतः हनुवटीखालचा घेतला. धाकटीने माझ्यातून एक श्वास घेतला, दुसरा घेतला. बाईंनी सराव संपल्याची खूण केली. धाकटीने मला सोडलं नाही. ती बहिणीच्या डोळ्यांत बघत राहिली, आणि मला तोंडात धरून सरळ पोहायलाच लागली. लांब नळीने बांधल्यासारखी ताई तिच्या बाजूने निघाली. वाट्टेल तेवढं पारखून घे, असा तिचा चेहरा होता. एक टोक, दुसरं टोक, पुन्हा पहिलं. ताईचा हात एकदाही माझ्याकडे आला नाही.

वर आल्यावर ताईने विचारलं, “कसा वाटला?”

“कधी निघायचं, ते बाबांना सांगून टाक,” धाकटी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात दुसऱ्यांसाठी म्हणून काहीतरी काढून ठेवलेलं असेल: पाहुण्यांची गादी, सोबत्याची टॉर्च, शेजाऱ्याला द्यायची शिडी. जे दुसऱ्याला देणार, ते आधी स्वतः वापरून बघा. आणि जे स्वतःसाठी वाईट ठेवलंत, तेही तपासा. तुमचा तोल गेला तर भरपाई तुमचीच माणसं करतील. वस्तूंना धुवा, पुसा, उघडून बघा. आम्ही भीक मागत नाही, आमचा हक्क सांगतो. एवढं ऐकूनही मला कुणाला जादाचा म्हणायचंच असेल, तर खुशाल म्हणा. फक्त आधी मला तोंडात धरा, माझ्याबरोबर खोल खाली या, आणि तिथे म्हणून दाखवा.