बालविभागाचा चिडलेला शिक्का

मित्रांनो, जुना शिक्का आहे मी, पंचवटीतल्या एका वाचनालयाच्या टेबलावरचा. लाकडी मूठ, खाली रबर, आणि रबरावर एकच शब्द: बालविभाग. माझी कहाणी मी आज गोड आवाजात सांगणार नाहीये. कारण मी भयंकर चिडलोय.

भद्रकालीतल्या एका कारागिराने मला घडवलं. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. शाईच्या पॅडवर तोंड बुडवायचं आणि चित्रांच्या पुस्तकावर धप्पकन उडी मारायची. मुलं माझा ओला ठसा चाचपून बोटं जांभळी करून घ्यायची. माझ्याइतका लाडका शिक्का अख्ख्या नाशकात नसेल, असंच मला वाटायचं.

मग ग्रंथपाल म्हणून ढुंढिराज आले आणि माझे दिवस फिरले. माणूस वाईट नाही, पण फॅन्टसी म्हटलं की नाक मुरडणार. राक्षस दिसला, मार शिक्का. घोडा उडाला, मार शिक्का. एका नावाड्याची कादंबरी आली होती, उशीएवढी जाड. पहिल्याच पानावर त्याची बायको वारते, आणि तो नदीतल्या माशांजवळ मन मोकळं करतो. पण मासा बोलला ना, मग झालं, बालविभाग! पानोपानी खून पडणाऱ्या रहस्यकथा मात्र ऐटीत मोठ्यांच्या कपाटात. सांगा, राग येणार नाही?

त्यात आमच्याकडे नियम असा, की माझा ठसा असलेलं पुस्तक फक्त बालसभासदांना मिळतं. पहिलीतली पोरं नावाड्याला दोन्ही हातांनी उचलायची आणि तशीच खाली ठेवायची. मोठ्यांना तो मिळायचाच नाही.

परवा एका राणीच्या मालिकेचा शेवटचा भाग आला. आधीचे भाग ढुंढिराज येण्यापूर्वीचे, म्हणून माझ्या ठशातून सुटले होते. वत्सलाबाई सकाळपासून टेबलाशी उभ्या. त्या निवृत्त शिक्षिका, ढुंढिराज त्यांचेच विद्यार्थी.

ढुंढिराजांनी मला उचललं.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "राणी घरी पोचते की नाही, ते कळल्याशिवाय मला चैन नाही. शिक्का बसला की गेलं ते माझ्या हातून."

"बाई, ड्रॅगन न् जादू या वयात शोभते का? चरित्रं वाचा की. छान आलीत नवीन."

"जन्मभर भूगोल शिकवला. आहेत ते सगळे देश पाठ आहेत. आता नसलेला देश बघायचाय."

"पण हे सगळं खोटं असतं, बाई."

"खोटं? दहावीला तू गोदावरी नेऊन अरबी समुद्राला मिळवली होतीस. त्याहून अद्भुत मी अजून काही वाचलं नाही."

मागे रांगेतली ओवी नावाची मुलगी फिस्सकन हसली. ढुंढिराजांचे कान लाल झाले. त्यांनी मला दाणकन हाणलं, आणि त्याच क्षणी बाईंनी पानावर हात आडवा घातला.

मी पडलो तो त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर. ठसा उठला ठसठशीत, जांभळा.

बाईंनी हात डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचला, फुंकर घालून शाई वाळवली आणि ढुंढिराजांच्या नाकासमोर धरला.

"झाले मी बालसभासद. तूच केलंस. आण ते पुस्तक इकडे."

ढुंढिराजांनी पुस्तक पुढे सरकवलं. बाई तिथेच मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीला टेकवून.

"आजी, पोचली का राणी?" ओवीने विचारलं.

"नंबर लाव. माझं झालं की तुझं."

मित्रांनो, माझा राग गेला म्हणू नका. नावाडी अजून खालच्या फळीवर धूळ खातोय, आणि दर वेळी कोणी हात आडवा घालणार नाही. म्हणून तुम्हीच जपा ही पुस्तकं. कोणी पिकल्या केसांचं माणूस ड्रॅगनचं पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं, तर त्याला वय विचारू नका. कितव्या पानावर आलात, ते विचारा.