बंद पेटीतला एक तास

मित्रांनो, एका सिलिंडरचं, दोन जड चाकांचं, हँडल मारून सुरू करायचं पाण्याचं इंजिन तुम्ही पाहिलं आहे का? नसेल, तर आता ओळख करून घ्या. ते मीच. सांगलीजवळच्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. ऐन उमेदीची वीस वर्षं मी कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजलं. तेव्हा लोक म्हणत, "इंजिन असावं तर असं!" पुढे विजेची मोटार आली आणि गरज सरो, वैद्य मरो अशी माझी गत झाली. मला गोठ्यात ढकललं आणि माझ्या चाकाला शेळी बांधली. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

तिथून मला लालासाहेबांनी उचललं. हा गृहस्थ म्हसवडचा. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस नौदलात गेला आणि थेट पाणबुडीच्या इंजिनखोलीत पोचला, आता बोला! निवृत्त झाल्यावर त्यांनी मलकापुरात दुरुस्तीची शेड टाकली होती. माझ्या अंगावर थाप मारून ते म्हणाले, "ह्याला मोडीत घालू नगासा. ह्याला मी बिनहवंचं पळवून दावतो." सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो.

पण त्यांचं दुखणं खरं होतं. डिझेल जळायला हवा लागते आणि समुद्राच्या पोटात हवा नसते. म्हणून पाणबुडी खाली बॅटरीवर चालते, आणि बॅटरी भरायची तर इंजिनाला श्वास द्यायला तिला वरच्या अंगाला यावं लागतं. वर आली की शत्रूच्या नजरेत भरते. लालासाहेबांनी अशा भीतीत उमर काढली होती. वर न येता चालणारी इंजिनं जगात झाली आहेत, पण त्यांना आपल्याकडच्या फिटरला कळेल, दुरुस्त करता येईल असं साधं इंजिन हवं होतं.

त्यांनी मला लोखंडी पेटीत बसवलं. बाहेरच्या हवेवर सुरू करायचं आणि मग तोंड बंद. माझाच धूर गार करून चुन्याच्या पाण्यात धुवायचा, म्हणजे त्यातला घुसमटवणारा वायू चुना शोषून घेतो, मग त्यात शेजारच्या वेगळ्या सिलिंडरमधला ऑक्सिजन मिसळायचा आणि तोच मला पुन्हा पाजायचा. पहिल्या दिवशी चार मिनिटांत माझा जीव घुसमटला.

तेव्हा मदतीला आली भाग्यश्री. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची ही लेक साखर कारखान्यात केमिस्ट आहे. उसाच्या रसात चुना कसा काम करतो हे ती रोज बघते. ती म्हणाली, "काका, नुसती निवळी पुरायची नाही. चुना दाट घ्या आणि धूर तळातून बारीक बुडबुड्यांनी सोडा." तसं केल्यावर मी नऊ मिनिटं चाललो. मग वीस. मग चाळीस. लोकांना चुना लावला तर ते चिडतात, मला लावला आणि माझा जीव वाचला!

मग नौदलाच्या प्रयोगशाळेतून निरोप आला. तिथल्या अधिकारी राजेश्वरी मॅडम पाहायला येणार होत्या. बंद पेटीत सलग एक तास चाललो, तर पुढच्या चाचण्यांसाठी निवड. आणि नाही चाललो तर? लालासाहेबांनी घरी शब्द दिला होता, "सत्तरी आली. ह्या खेपंला जमलं न्हाई तर शेड मोकळी करतो." म्हणजे मी भंगारात. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, तासभर पळायचंच.

मॅडम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्याआधी आली खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक आहेच, त्या दिवशी आपल्याकडे विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. लालासाहेबांच्या पत्नी हरणाबाई गोडेतेलाची वाटी घेऊन शेडमध्ये आल्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, "येथे तेल लावू नये." त्यांनी ते वाचलं आणि पुटपुटल्या, "रोजचं ऱ्हाऊ दे. सणाला कुणी कोरडं ठेवतं व्हय?" त्यांनी मला लेकरासारखं पुसलं आणि त्याच मायेने ऑक्सिजनच्या पितळी व्हॉल्व्हलाही तेल चोळलं. दाबाचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका! मी भीतीने गारठलो, पण इंजिनाला बोलता कुठे येतं?

चाचणीचा दिवस उजाडला. मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "दोनला मला निघावंच लागेल." भाग्यश्री त्यांना समजावू लागली, "इथे तेलाचा थेंबही चालत नाही. पेट घेतो." एवढं बोलून तिने व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या हरणाबाई दारातच ओरडल्या, "थांब, पोरी! हात काढ!"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"आवं, परवा म्या तेल लावलंया त्येला. सणाचं म्हनून."

पाहुण्यांसमोर नवऱ्याची अब्रू आणि माझं नशीब, दोन्ही त्या एका वाक्यात पणाला लागलं होतं. लालासाहेबांचा चेहरा उतरला. पण ते शांतपणे म्हणाले, "बरं केलंस बोललीस. पाणबुडीत चुकल्याली मानसं वाचत्यात. लपवल्याली चूक कुनाला वाचू देत न्हाई." आणि त्यांनी पाना उचलला.

व्हॉल्व्ह सुटा केला, सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुतला, वाळवला, पुन्हा बसवला. सव्वा तास गेला. मला हँडल मारलं, तोंड बंद झालं आणि मी जीव तोडून पळू लागलो. चव्वेचाळीस मिनिटं झाली आणि दोन वाजले.

मॅडम उठल्या. भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी आपला नंबर लिहिलेला कागद लालासाहेबांना दिला नाही, हरणाबाईंच्या हातात ठेवला. "किती मिनिटं चाललं ते तुम्ही कळवा. तुमचा शब्द मी अहवालात लिहीन."

गाडी गेली. पन्नास. पंचावन्न. चुना थकला. मी दात-ओठ खाऊन चाक ओढत होतो, पण श्वास कोंडला. सत्तावन्नाव्या मिनिटाला मी थांबलो. आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती.

तीन मिनिटांचा तर प्रश्न, आणि बघायला बाहेरचं कोण होतं? हरणाबाईंनी पदराने हात पुसले आणि फोन लावला.

"म्याडम, हरणाबाई बोलतीया. सत्तावन्न झाली. तीन कमी पडली."

पलीकडून आवाज आला, "ठीक आहे, हरणाबाई. काकांना सांगा, चुना वाढवून ठेवा. पुढच्या महिन्यात मी दिवसभराची सवड काढून येते."

मित्रांनो, यंत्रावर माया करा, पण त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे आधी विचारून घ्या. आणि हातून चूक झालीच, तर व्हॉल्व्ह उघडायच्या आत सांगा. हरणाबाईंनी शेडला आणखी महिन्याची मुदत दिली आहे आणि माझ्या चुन्याची टाकी आता दीडपट मोठी झाली आहे. राहिलेली तीन मिनिटं मी देणार म्हणजे देणारच.